'सगळे सारखेच दिसतात' म्हणे! मग तो बेघर माणूस दिसला नाही का?

काल रात्री भाच्याने घरच्या ग्रुपवर 'ट्रेन टू बुसान' या कोरियन झॉम्बीपटाबद्दलचा (साथीने झॉम्बी, म्हणजे माणसांना चावणारी चालती प्रेतं, झालेल्यांपासून आगगाडीतले प्रवासी पळतात तो सिनेमा) एक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "मावशी, हे बरोबर आहे का गं?" हाच मेसेज गेल्या आठवड्यात मला आणखी तीन ठिकाणांहून आलाय. त्यातलं म्हणणं असं: सिनेमात विविधता शून्य, चेहरे सगळे एकसारखे, बायका नुसत्या रडायला, गरीब माणूस फक्त किळस आणायला, आणि कोरियात बाहेरचे लोकच नाहीत, तर दाखवणार कुणाला? भाचा अकरावीत आहे, म्हणून गप्प बसवत नाही. (पुढे शेवट फुटेल. सिनेमा पाहिला नसेल तर इथेच थांबा.)

'चेहरे एकसारखे' हे वाक्य कुठून येतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. शिकायला आलेल्या मणिपूर-मिझोरामच्या मुलांना आपल्याकडे हेच ऐकवतात. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा, केसांवरून चिडवण्यातून पेटलेल्या भांडणात मार खाऊन जीव गेला. ही गंमत नाही, आणि माझ्या घरच्या ग्रुपवर मला ती नको.

आता गरिबाचं. इथे तर मेसेज लिहिणाऱ्याने सिनेमा धड पाहिलेलाच नाही. गाडीच्या संडासात एक फाटक्या कपड्यांतला बेघर माणूस थरथरत लपलेला सापडतो. बस कंपनीचा बडा अधिकारी त्याच्याकडे बोट दाखवून नायकाच्या छोट्या मुलीला, सु-आनला, सांगतो, अभ्यास केला नाहीस तर याच्यासारखी होशील. ती पोर तिथल्या तिथे म्हणते, असं बोलणारा माणूस वाईट असतो, असं आई सांगते. पुढे हाच अधिकारी स्वतःचा जीव वाचवायला एकेकाला झॉम्बींच्या तोंडी ढकलत जातो, आणि तो बेघर माणूस सु-आन आणि गरोदर सोंग-ग्योंगला निसटता यावं म्हणून स्वतः मागे राहतो. किळस कोणाची वाटायला हवी, हे दिग्दर्शकाने याहून स्पष्ट कसं सांगायचं?

तरी कुणाला हा योगायोग वाटत असेल, तर त्याच दिग्दर्शकाचा, योन सांग-होचा, २०१६ सालचाच 'सोल स्टेशन' हा अॅनिमेशनपट बघा. सुरुवातीलाच एक म्हातारा मानेतून रक्त गळत असताना स्टेशनाबाहेर चालतोय. सर्वांना मोफत सुविधा मिळायला हव्यात, अशा गप्पा मारणाऱ्या दोन तरुणांपैकी एक मदतीला पुढे होतो. वास येतो, माणूस बेघर आहे हे कळतं, आणि तो मागे फिरतो. रोगाची साथ तिथून पसरते. एवढं एक दृश्य पाहिलं तरी त्या मेसेजमधलं गरिबाबद्दलचं वाक्य निकालात निघतं.

बायकांबद्दल थोडं मान्य करते, नाइलाजाने. डब्यामागून डबे ओलांडत मारामारी करतात ते तिघे पुरुषच, आणि ते मलाही खटकलं. पण 'नुसत्या रडायला' हे खोटं आहे. झॉम्बींपासून वाचून आलेल्यांना आत घ्यायला एका डब्यातले लोक दार उघडत नाहीत; त्या डब्याचं दार शेवटी उघडते ती एक म्हातारी, काचेपलीकडे झॉम्बी झालेली आपली बहीण पाहून. आणि शेवटी बोगद्यातून जिवंत बाहेर येतात त्या सु-आन आणि सोंग-ग्योंग या दोघीच.

राहिलं 'बाहेरचे लोकच नाहीत'. साफ चूक. २०१६ सालीच दक्षिण कोरियात राहणाऱ्या परदेशी लोकांची संख्या २० लाखांवर गेली होती. कारखान्यांत, शेतांवर राबणारे कामगार त्यांत कितीतरी. त्यांच्यातलं कुणीच त्या गाडीत ठळकपणे दिसत नाही, ही मात्र सिनेमाची खरी उणीव. टीका करायची तर यावर करा ना!

भाच्याला एवढंच लिहिलंय: तो मेसेज ग्रुपवरून काढ, आणि रविवारी ये. 'सोल स्टेशन' मी तुझ्याबरोबर पुन्हा बघणार आहे.