‘शाळा शिक्षकांवर सोडा’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

सरकारी शाळेत पाचवीनंतर पालक फिरकेनासे होतात, या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. पालकांनी घर बघावं, शाळा शिक्षकांवर सोडावी, हा पहिला. आणि तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला शाळेच्या समितीत बसणं जमतं, काजूच्या बागेत राबणाऱ्या आईला उगाच दोषी ठरवू नका, हा दुसरा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आयुष्यभर शिकवलेल्या माणसाचं हे म्हणणं, म्हणून दोन दिवस ते मनात घोळवत होते.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. ‘काळजी असली की वेळ निघतोच’ हे वाक्य मी मागे घेते. मार्च-एप्रिलात सकाळीच बोंडू वेचायला गेलेली बाई अकराच्या सभेला कशी येणार? रोजगार बुडवून आली, तरी तिथलं निम्मं बोलणं इंग्रजीत. आपल्याकडच्या सरकारी शाळेत चौथीपर्यंत मूल मराठीतून शिकतं, तोवर आई वही उघडते, पाढे म्हणून घेते. पाचवीला माध्यम इंग्रजी होतं आणि ती वही तिच्या हातातून सुटते. माझी शेजारीण मला म्हणाली, “वही उघडली की मला लाज वाटते गो, मग शाळेत जाऊन काय विचारू?” मी लेख लिहिला तेव्हा ही लाज माझ्या लक्षातच आली नव्हती.

पण शाळा शिक्षकांवर सोडा, हे मला पटत नाही.

माझी लेक सहावीत होती. तिची पाण्याची बाटली रोज भरलेली परत यायची. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून मी तिला रागवायची. एका रात्री भांडी पुसताना ती हळूच बोलली. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली होती. एकीनं बाहेरून दार धरायचं, मग दुसरीनं जायचं. त्यापेक्षा पाणीच नको, असं वर्गातल्या मुलींनी आपसात ठरवून टाकलेलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुली पुरुष शिक्षकाला हे सांगणार तरी कशा? त्याच आठवड्यात नवी कडी बसली. शिक्षकांना मी दोष देत नाही. पण ती भरलेली बाटली घरीच दिसणार होती, सर.

गुणांवरून भांडणारे, आमदाराचा फोन आणणारे पालक तुम्ही सोसलेत. त्यांचा मलाही राग येतो. कसं शिकवायचं हे शिक्षकांनीच ठरवावं. मात्र 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा, अनुदान कुठं खर्च झालं ते त्यांनी बघायचं. याला लुडबूड कसं म्हणायचं? वर्षाकाठी दोन सह्या घेऊन समिती गुंडाळून ठेवायची, ही रीत मोडायला हवी. त्यासाठी ज्या आयांना यायला जमत नाही, त्यांच्या वेळेला सभा घ्यावी लागेल.

आम्ही या वर्षी एक सभा रविवारी दुपारी चारला देवळाच्या मंडपात घेतली. तीन शिक्षक आपणहून आले. रविवार त्यांचाही असतो, म्हणून दर महिन्याला हे मागणार नाही. गणिताच्या बाईंनी सातवीचं पुस्तक उघडून शब्द मराठीत सांगायला सुरुवात केली: फ्रॅक्शन म्हणजे अपूर्णांक, इंटरेस्ट म्हणजे व्याज. मागे बसलेली माझी तीच शेजारीण एकदम बोलली, “व्याज? ते आम्ही बचत गटात दर महिन्याला काढतो!” त्या संध्याकाळी तिनं पोराची वही मागून घेतली. उदाहरण सुटलं नाही, पण अडलं कुठं ते बाईंना विचारायला ती सोमवारी शाळेच्या फाटकापर्यंत गेली.

पुढची सभा पावसाळ्याआधी घ्यायची आहे. विज्ञानाचे शब्द राहिलेत आणि मराठीतून विज्ञान शिकवलेलं तुमच्याइतकं जवळपास कुणी नाही. याल का?