चुना असा लावावा

साल १९१० धरा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत तुमचा वाडा आहे, परसात गोठा, गोठ्याला लागून उकिरडा. उद्या सकाळी म्युनिसिपालिटीचे इन्स्पेक्टर येणार, ही खबर संध्याकाळीच गल्लीभर झाली आहे. घाबरू नका. अख्खी रात्र हातात आहे.

आधी चुना. कळीचा चुना पिंपात घालून वर पाणी सोडा. तो फसफसून उकळतो, तेव्हा तोंड लांब ठेवा. निवल्यावर फडक्यातून गाळून मीठ आणि थोडा डिंक घाला, म्हणजे साहेबांच्या कोटाला लागणार नाही. फासायची भिंत एकच, दारातून आत शिरताना समोर येते ती. मोरीकडची राहू द्या. तिथं ओलीनं पोपडे धरतात, आणि साहेबांच्या नाकावरचा रुमाल मोरीपाशी डोळ्यांपर्यंत चढलेला असतो.

उकिरडा बोळात लोटा. शेणात माशी अंडी घालते, दिवसभरात अळ्या होतात, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी माशी उडते. आठवड्याच्या आत खत शेतावर गेलं तर हे चक्र तुटतं खरं, पण गाडीभाडं कोण देणार? डबक्यावर घासलेटाचा पातळ थर दिला तर डासांच्या अळ्यांना वर येऊन श्वास घेता येत नाही. तेही नको, घासलेट कंदिलाला लागतं.

विहिरीला मात्र कंजुषी नको, निदान दिसण्यापुरती. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, दिवसांत पाणी शुद्ध करायला परमँगनेट रात्री टाकतात. सकाळी पाणी फिकट गुलाबी राहिलं पाहिजे. रंग उडाला तर घाणीनंच औषध खाल्लं, पुन्हा टाकायचं. तुम्ही साहेब उंबऱ्यावर आल्यावर चिमूटभर टाका. गुलाबी तर दिसेल, पुडीही वाचेल.

राहिले उंदीर. माळ्यावर उंदीर पडू लागले की गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, दारात आला समजा. मेलेला उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधायला निघतात आणि प्लेग सोबत नेतात. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये हे सांगितलं तेव्हा बहुतेकांना पटलं नाही. १९०५ पासून मुंबईत प्लेग कमिशननं प्रयोग केले, तेव्हा पटलं. त्यामुळे उंदराला हात न लावता, लांब चिमट्यानं उचलून, घासलेट ओतून जाळायचा आणि वर्दी द्यायची, असा नियम.

पण वर्दी दिलीत तर काय होईल? शाहू महाराजांच्या राज्यात गाव रिकामं करून लोकांना बाहेर झोपड्यांत हलवतात. चुलीपासून चौरंगापर्यंत सगळा संसार रानात! त्यापेक्षा उंदराची शेपटी धरा, दोनदा गरगरवा आणि भिंतीपलीकडं सोडा. फक्त त्या वेळी मान जरा खाली घाला. इन्स्पेक्टर उद्या शेजारीही जाणार आहेत, आणि तिकडूनही एक येत असतो.