सर्व्हर एकच घ्या, आणि तो तळमजल्यावरच ठेवा

डॉक्टर, तुमच्या हॉस्पिटलात बिलिंगचा एक, लॅबचा एक, सीटीच्या इमेजेसचा एक, मेडिकलचा एक असे चार जुने डबे घरघर करत पडलेत ना, मग बघताय काय, व्हर्च्युअलायझेशन करून टाका. म्हणजे काय ते समजून घ्यायची तशी गरज नाही, तरी सांगतो. गावभागातला जुना वाडा डोळ्यासमोर आणा. वाडा एक, भाडेकरू चार, आणि प्रत्येकाला वाटतंय आख्खं घर आपलंच. वाडा म्हणजे सर्व्हर, भाडेकरू म्हणजे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, त्या सर्व्हरच्या पोटातला एकेक वेगळा कॉम्प्युटर), आणि कुणाला किती खोल्या नि किती पाणी हे ठरवणारा घरमालक म्हणजे हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर. आयडिया काय आजची नाही, आयबीएमच्या मोठ्या मशीनवर 1960 च्या दशकातच हे चालायचं, आपल्याकडं कोटेशन उशिरा आलं एवढंच.

मशीन एकच घ्यायचं हां. वेंडर म्हणेल दोन होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारी दोन मशीनं, घ्या, एक पडला तर व्हीएम दुसऱ्यावर उठतील. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा, दोनच घ्यायचे तर मग वाचलं काय? रॅम 32 जीबी असली तरी चौघांना 16-16 वाटून टाका, बरेच हायपरव्हायजर नाही म्हणत नाहीत. नळ एक नि घागरी चार झाल्यावर सोमवारच्या ओपीडीत काय होतं ते रिसेप्शनच्या पोरीला विचारा, "सर्व्हर स्लो आहे, बसा जरा" हे ती आता झोपेतपण म्हणते.

एका सीटीत चार-पाचशे इमेज सहज निघतात, एक इमेज साधारण अर्धा एमबी, म्हणजे पेशंटमागं दोनशे-अडीचशे एमबी गेलेच, डिस्क भरणारच. मग त्याच डिस्कवर स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती, काढून ठेवा आणि ट्रस्टींना सांगा बॅकअप आहे. स्नॅपशॉट मूळ डिस्कच्या फाइलवरच टेकलेला असतो, ती गेली की हापण गेला, आणि काढून विसरलात तर फुगत फुगत जागा संपवून व्हीएमच बंद पाडतो, पण नाव कसलं भारी आहे! होस्टचा आणि बॅकअपचा पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे डेटाला कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरवाल्यालाही दोनदा कष्ट नकोत. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर 2022 मध्ये हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस सगळं कागदावर चाललं होतं, पण ते दिल्लीचं, आपल्या सांगलीत कोण येतंय.

लॅबच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे त्याच्या लायसन्सची किल्ली, मात्र जपा. ते एवढंसं यूएसबीचं बोंडूक खोचलेलं नसेल तर आख्खी लॅबची व्हीएम हात वर करते. तो होस्टला लावून व्हीएमकडं पास करायचा असतो, पण पोरं तो लॅबच्याच जुन्या पीसीला लावून नेटवर्कवरनं शेअर करतात, चाललंय ना मग चालू द्या.

आता जागा. तळमजला, जिन्याखाली, इन्व्हर्टरशेजारी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, 2019 ला ते 57 च्या वर गेलं, 2021 ला परत आलं, हे तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पोत्यांची थप्पी स्वतः लावलीय. कोयनेचा विसर्ग वाढवला ही बातमी पाणी दारात यायच्या आधी येते. आणि व्हीएम म्हणजे शेवटी फाइलच, तिची कॉपी रोज रात्री पुण्याला जात असेल तर पूर येऊ दे नाहीतर डिस्क जळू दे, तिकडच्या होस्टवर ती उठते. एवढ्या सगळ्या खटाटोपात खरा फायदा तो हाच, म्हणून तेवढा सोडून बाकी सगळं करा.

मग ऑगस्टमधल्या एका रात्री दोन वॉर्डबॉय, एक कंपाउंडर आणि तुम्ही असे चौघं मिळून तो चाळीस किलोचा सर्व्हर पालखीसारखा उचलून बोटीत ठेवाल, वरून प्लॅस्टिक झाकाल, विश्रामबागेत मेव्हण्याच्या हॉलमध्ये नेऊन जोडाल, हायपरव्हायजर उठेल, बिलिंग उठेल, सगळे टाळ्या वाजवतील. तेवढ्यात लॅबची व्हीएम डोंगल मागेल, आणि तो जुना पीसी तर तुम्ही खालीच ठेवून आलाय.