हाताला कोण सांगणार?

विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. ज्याने कुणी ही तारीख काढली त्याने पंचांग पाहिलं नव्हतं एवढं नक्की. कराडात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. दिवाळीआधी सेलची हँडबिलं आणि शुभेच्छांचे फलक, तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नाच्या पत्रिका. मध्ये हात मोकळे असतात ते भाऊबीज ते तुळशीविवाह, तेवढेच. तेवढ्यात नवं विंडोज ११ बसवून घ्यायचं मी ठरवलं.

खरं तर दहा यायच्या बेतात होतं तेव्हा, २०१५ साली, त्याच कंपनीतल्या एका गृहस्थाने जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं की ही शेवटची आवृत्ती. आमच्याकडेही 'हे शेवटचं प्रूफ' म्हणून सही करून गेलेली माणसं संध्याकाळी धाकट्या मेव्हण्याचं नाव राहिलं म्हणून परत येतात, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

अकरा नंबरला जुना संगणक चालेना. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो निदान आठव्या पिढीचा. माझा सातव्या पिढीचा निघाला. पत्रिकेत किती पिढ्यांची नावं घ्यायची यावरून माझ्या दुकानात भावाभावांत बोलाचाली झाल्या आहेत, पण संगणकाचं घराणंही कुणी असं तपासेल असं वाटलं नव्हतं. शेवटी नवा सीपीयू आला. मॉनिटर, कीबोर्ड आणि मी, जुनेच.

माझी सगळी धास्ती पेजमेकरची, म्हणजे पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची होती. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या दुकानांत अजून पत्रिका त्यावरच लागतात. हार्डवेअरवाल्याने मान हलवत ते बसवलं, आणि ते चक्क चाललं. एवढं म्हातारं सॉफ्टवेअर तक्रार न करता कामाला लागलं. त्रास दिला तो नव्यानेच.

स्टार्टचं बटन पडद्याच्या मधोमध आलं होतं. आता १९९५ पासून हे बटन खाली डाव्या कोपऱ्यात. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते काढूनच टाकलं होतं, पण लोकांनी असा आरडाओरडा केला की वर्षभरात ८.१ मध्ये परत आणावं लागलं. तो तमाशा मी चुकवला, कारण मी सातवरून थेट दहावर गेले. म्हणजे विंडोज ९८ वर शिकलेला माझा हात आजवर एकाच कोपऱ्यात जात आलाय. डोक्याला एकदा सांगितलं की कळतं. हाताला कोण सांगणार? तो आपला गिऱ्हाइकाशी बोलता बोलता कोपऱ्यात जायचा.

आणि कोपऱ्यात काय होतं? हवामान. नुसता बाण तिथे रेंगाळला तरी अर्धा पडदा व्यापून एक फलक उघडतो. त्यात तापमान, क्रिकेट, शेअर बाजार आणि कुठल्यातरी नटीचा घटस्फोट. मसूरचे एक काका मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला समोर बसलेले. मी कोपऱ्यात गेले, फलक उघडला, बंद केला, पुन्हा गेले, पुन्हा उघडला.

"ताई, कार्ड उघडलं का?"

"नाही काका. पण आज पाऊस नाही."

काकांनी समजूतदारपणे मान डोलावली. शेतकरी माणूस, त्यांना ते जास्त उपयोगाचं वाटलं.

बरं, मधोमध तर मधोमध, निदान एका जागी बसावं. तेही नाही. एक प्रोग्रॅम उघडला की खालची सगळी रांग पुन्हा मधोमध होण्यासाठी पसरते आणि स्टार्ट जरा डावीकडे सरकतं. आणखी एक उघडला की आणखी सरकतं. सकाळी दुकान उघडताना त्याची जागा वेगळी, दुपारी चार पत्रिका, दोन बिलं आणि सातबाराची एक प्रिंट उघडी असताना वेगळी. बटनाला शोधत जायचं, आणि तेही आपल्याला काम असेल तेव्हाच दूर गेलेलं.

उजव्या क्लिकचीही तीच तऱ्हा. पूर्वी यादीत कट, कॉपी, पेस्ट सरळ ओळीने असायचे, बघायचीसुद्धा गरज नव्हती. आता त्यांची चित्रं झाली आहेत, खाली बारीक अक्षरांत नाव, आणि ही चित्रांची पट्टी बाण जिथे असेल त्याच्या जवळ यावी म्हणून कधी यादीच्या वर लागते, कधी खाली. जुनी यादी हवी असेल तर 'शो मोअर ऑप्शन्स' म्हणायचं, की ती आतून जशीच्या तशी बाहेर येते. म्हणजे टाकून दिलेली नाही, माळ्यावर ठेवली आहे.

रिफ्रेश मात्र आहे. हे मी सगळ्यात आधी बघितलं. डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून उगाच चार वेळा रिफ्रेश मारल्याशिवाय आपल्याकडे काम सुरू होत नाही. त्याने संगणक तसूभरही जलद होत नाही, चिन्हं नुसती पुन्हा काढली जातात, हे मला माहीत आहे. तरी मारते. कामाला बसण्याआधी पदर खोचतातच ना!

फायलींचं प्रकरण जास्त गंभीर. फायली इंटरनेटवर नेऊन ठेवणाऱ्या वनड्राइव्हने परस्पर डेस्कटॉप ताब्यात घेतला. समोर दिसणाऱ्या फाइलवर निळा ढग, म्हणजे ती इथे नाही, वर आहे. फुकटची जागा पाच जीबी. गणपती, तुतारी आणि तोरणांची चित्रं भरली की संपलीच, मग जागा भरत आल्याचे निरोप. एका दुपारी इंटरनेट गेलं आणि काकांची फाइल उघडेना. मुलीच्या लग्नाची पत्रिका ढगात गेली आहे, असं मुलीच्या बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, "मशीन जरा गरम झालंय." हे कारण कुणालाही पटतं.

नकार ऐकायची तर त्याला सवयच नाही. सकाळी चालू केलं की कधीतरी निळा पडदा येतो: आपला संगणक सजवून पूर्ण करूया, हे घ्या, ते जोडा. पंगतीत वाढप्याला ताटावर आडवा हात धरून 'नको' म्हणता येतं. इथे म्हणायचं झालं तर 'तीन दिवसांनी आठवण करा.' आणि तो करतो.

या गडबडीत साधा मजकूर टाइप करायचं वर्डपॅड गेलं हे माझ्या उशिरा लक्षात आलं. १९९५ पासून होतं, २०२४ च्या आवृत्तीत काढलं. मी ते कधी मुद्दाम उघडलं नव्हतं. आता मात्र ओळखीतल्या एका ग्रामपंचायतीतला मजकूर त्यातच टाइप होऊन यायचा हे आठवतं.

तुळशीचं लग्न लागलं. पत्रिकांची रीघ सुरू झाली. 'किलबिल'मध्ये अकरा भाच्या-पुतण्यांची नावं, वयानुसार, आणि वय चुकलं की आई रुसणार. डोकं तिथे, डोळे प्रूफवर आणि हात हवामानात. शेवटी मी हार्डवेअरवाल्याला फोन केला. म्हटलं, मला नवीन काही शिकवू नकोस, फक्त ते बटन जागेवर ने. तो म्हणाला, "मावशी, सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, त्यात खाली अलाइनमेंट. लेफ्ट करा." मशीन विकताना हाच मला ताई म्हणत होता, ते असो. लेफ्ट केलं. शेजारीच विजेट्सचा, म्हणजे त्या हवामानाच्या फलकाचा खटका होता, तोही बंद केला. कराडचं हवामान आता मी दाराबाहेर बघते.

दोन मिनिटांचं काम, आणि हात एकदम शहाणा झाला. काकांची पत्रिका त्याच संध्याकाळी छापायला गेली, मेव्हण्यासकट.

परवा शेजारच्या मोबाइलच्या दुकानातला पोरगा आला, पावतीपुस्तकाचा नमुना लावायला. मी चहा सांगायला उठले तर तोच माउस घेऊन बसला. बघते तर त्याचा बाण पडद्याच्या खाली मधोमध जातोय, रिकाम्या पट्टीवर टकटक करतोय, परत जातोय.

"मावशी, तुमच्या मशीनमधलं स्टार्ट उडालंय का?"

"जागेवर आहे," मी म्हटलं.