ट्रस्ट केला म्हणून विधवेचा हक्क बुडत नाही

‘घर आणि कलमांची बाग कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये टाकली की नवऱ्यामागे बायकोला काही मागता येत नाही, दुसरं लग्न केलं तर मुळीच नाही.’ रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे. अशा मेसेजला घाबरून बायका कोऱ्या हक्कसोडपत्रावर सह्या करून बसतात, म्हणून हा खुलासा.

खासगी ट्रस्टला १८८२ चा भारतीय न्यास कायदा लागतो. जमीन-घराचा ट्रस्ट हयातीत करायचा तर लेखी, नोंदणीकृत दस्त हवा; नाहीतर मृत्युपत्र. थोरल्या काकांनी वहीत लिहून ठेवलेला ‘घराण्याचा ठराव’ म्हणजे ट्रस्ट नव्हे. दस्त खरा असेल तर पत्नीला त्यात काय दिलंय ते ओळ न ओळ वाचा. दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मिळते.

नवऱ्याचं जे ट्रस्टमध्ये गेलंच नाही आणि ज्याचं मृत्युपत्रही नाही, ते हिंदू कुटुंबात १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने वाटलं जातं. पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई यांना सारखा वाटा. पत्नीचा वाटा तिच्या पूर्ण मालकीचा, नुसता राहण्यापुरता नाही. पुढे पुनर्विवाह केला तरी तो परत घेता येत नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

सातबाऱ्यावर विधवेचं नाव मालकांऐवजी ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललं म्हणून मालकी बदलत नाही, पण गप्पही बसू नका. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची, नोटीस आली की १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. दस्ताच्या अर्थाचं भांडण मात्र दिवाणी न्यायालयातच सुटतं.