वामनपंडित नुसतेच भाषांतरकार? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, सतराव्या शतकातले मराठी पंडितकवी वामनपंडित यांच्यावरच्या माझ्या लेखावर मिरजेहून आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वामनपंडितांनी काशीपर्यंत पायपीट करून आणलं काय, तर दुसऱ्यांचे श्लोक, वर यमकांचा सोस, आणि ब्रह्मराक्षसाची दंतकथा मी इतिहास म्हणून खपवली.

यमकांबद्दल वाद घालत नाही. 'यमक्या वामन' हे नाव लोकांनी उगाच ठेवलेलं नाही. काही ठिकाणी अर्थ बिचारा यमकामागून धापा टाकत येतो.

पण 'नुसते भाषांतर' हे मान्य नाही. संस्कृत कवी भर्तृहरीचा वाळूच्या तेलाचा श्लोक घ्या, वामनपंडितांनी तो मराठीत आणला. मूळ ओळ 'लभेत सिकतासु तैलमपि यत्नतः पीडयन्', वृत्त पृथ्वी. मराठीत : 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलहि गळे'. ही शिखरिणी! अक्षरं दोन्हीकडे सतराच, पण चाल बदलली. मोठ्याने म्हणून बघा. 'प्र'नंतर सलग पाच गुरू, म्हणजे लांब अक्षरं, घाणा जड फिरावा तसे. मग 'कण रगडि' हे पाच लघू, म्हणजे आखूड, भराभर. नुसती नक्कलच करायची तर पृथ्वी सोडायची गरज काय होती?

शेवटची ओळ तर मला त्याहून आवडते. मुळात हट्टी मूर्खाचं चित्त 'आराधयेत्' असं आहे. वामनपंडित म्हणतात, 'हृदय धरवेना क्षणभरी'. आराधना गेली आणि आपल्या घरातली मनधरणी आली. रुसलेल्या जावयाची करतात तीच. 'हट्टी' हे विशेषण मात्र वाटेत गळालं, आणि ते गळायला नको होतं, हे तुमच्या बाजूने नोंदवून ठेवतो. (दहावीत बीजगणित शिकवताना वडील ही ओळ माझ्याकडे बघून म्हणायचे. तिच्यावरचं माझं प्रेम त्यामुळे काही कमी झालं नाही.)

आणखी एक. ज्यांना आपण श्लोकांचे कवी म्हणतो त्यांचा सगळ्यात मोठा ग्रंथ ओवीत आहे. गीतेवरची 'यथार्थदीपिका', ओव्या बावीस हजारांच्या वर. ज्ञानेश्वरीच्या साधारण नऊ हजार. मी 'यथार्थदीपिका' सगळी वाचलेली नाही आणि वाचेन असंही वाटत नाही, शास्त्रार्थ फार दाट आहे. पण विजापूरकडून निघून काशीला शास्त्रं शिकलेला माणूस पंडितांसाठी संस्कृतात लिहीत बसला असता तर त्याला कोण अडवणार होतं? तो मराठीत आला. तुम्ही ज्याला उसनवारी म्हणता ती मला तिथून आणलेली शिदोरी वाटते. वामन एक की अनेक, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. त्यात मी पडत नाही.

मागच्या महिन्यात साताऱ्याहून वाईला गेलो होतो, तेव्हा भोगावला त्यांची म्हणून दाखवतात त्या समाधीपाशी थांबलो. शेजारी मेणवलीच्या वाड्यापुढे गाड्यांची रांग. इथे मी आणि सावलीत पसरलेलं एक कुत्रं. लेख लिहायची खुमखुमी तिथेच आली, आणि त्या भरात ब्रह्मराक्षसाचं भान सुटलं.

तो आक्षेप पूर्ण मान्य. पिंपळाखाली झोपलेल्या पंडितांना 'ही जागा वामनपंडितासाठी राखलेली आहे' असं भुतांचं बोलणं ऐकू येतं आणि वादविवादाचा अहंकार उतरतो, ही गोष्ट मला इतकी आवडते की मी ती घडलीच असं लिहून बसलो. लेखात त्या परिच्छेदाच्या आधी आता 'असं सांगतात' घातलं आहे.