चार जीबीच्या कार्डानं जुना कॉम्प्युटर नवा होत नाही

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. रामबाग असो की सुदामानगर, कुणी ना कुणी काका तो रोज सकाळी पुढे ढकलतातच. मेसेज थोडक्यात असा: "जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. चार-पाच हजारांचं ४ जीबीचं ग्राफिक कार्ड टाका, मशीन नव्यासारखं पळेल. जीबी जितके जास्त तितकं कार्ड फास्ट. स्लॉट सगळ्यांचा एकच असतो, कुठलंही कार्ड कुठल्याही कॉम्प्युटरला बसतं. एसएमपीएस ४५० वॉटचा असला की झालं. मायनिंगमधून निघालेलं मोठं कार्ड स्वस्तात मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि एकदा कार्ड बसलं की विंडोज ११ पण चालतं."

यातलं पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. पुढच्या वाक्यांपायी मात्र लोकांचे पैसे वाया जातात, आणि हे पैसे बरेचदा घरातल्या मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून बाजूला काढलेले असतात. त्यामुळे गप्प बसवत नाही. एकेक दावा घेतो.

"मशीन नव्यासारखं पळेल." आधी मशीन कुठे अडतंय ते पाहा. चालू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, एक्सेलची फाइल उघडताना चक्र फिरत राहतं, टॅलीत एंट्री करताना अडकतं, ही सगळी दुखणी ग्राफिक कार्डाची, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाची, नव्हेत. त्या कामात कार्डाला जवळजवळ काही करायचंच नसतं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सचं पान बघा. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा 'डिस्क' १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसते. साधी हार्डडिस्क एका ओळीत वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, पण विंडोजला लागणाऱ्या हजारो बारीक फाइली इकडून तिकडून गोळा करताना तिचा दम निघतो. साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क, सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते, आणि तिच्यात फिरणारी तबकडी नसल्यामुळे बारीक फाइलींवर तिचा फरक त्याहून कितीतरी मोठा पडतो. ज्या घरात पैसे एकाच वस्तूपुरते आहेत, तिथे ती वस्तू एसएसडी असावी. त्यानंतर रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. ग्राफिक कार्डाचा नंबर त्याच्याही नंतर, आणि तोसुद्धा गेम, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम असेल तरच.

एक अपवाद आहे. भंवरकुआच्या क्लासला जाणारी मुलं घरी यूट्यूबवरून लेक्चर बघतात आणि १०८०पीवर व्हिडिओ अडखळतो. यूट्यूब हल्ली बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारात पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांना व्हीपी९ हार्डवेअरवर नीट उलगडता येत नाही, सगळा भार सीपीयूवर येतो आणि तो धापा टाकतो. इथे कार्डाचा खरंच उपयोग होऊ शकतो, पण कुठल्या? मेसेज वाचून लोक एनव्हिडिया कंपनीची जी कार्डं आणतात त्या जीटी ७१० आणि जीटी ७३० ला व्हीपी९ येतच नाही! जीटी १०३० ला येतं. आणि एक रुपयाही न घालवता करून बघण्यासारखा उपाय म्हणजे यूट्यूबला एच.२६४ प्रकारातच व्हिडिओ द्यायला लावणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन. एच.२६४ इंटेलची जुनी चिपसुद्धा आरामात उलगडते. आधी ते टाकून बघा, मग बाजारात जा.

"जीबी जितके जास्त तितकं कार्ड फास्ट." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं केलंय, म्हणून इथे जरा थांबतो.

कार्डावरचे जीबी म्हणजे साठवायची जागा. काम किती वेगानं होईल हे चिपमध्ये किती कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, आहेत आणि मेमरीतून सेकंदाला किती माल बाहेर येतो यावर ठरतं. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून गच्चीवर मोठी टाकी लागते हे खरं, पण टाकी दुप्पट केली म्हणून अर्ध्या इंचाच्या तोटीखाली बादली लवकर भरत नाही. कार्डाची तोटी किती मोठी ते काढायचा हिशेब सोपा आहे. मेमरीचा वेग गुणिले बसची, म्हणजे मेमरी ते चिप या वाटेची, रुंदी, भागिले आठ. जीटी ७१० च्या डीडीआर३ मॉडेलमध्ये (डीडीआर३, डीडीआर४, जीडीडीआर५ हे मेमरीचे प्रकार) १८०० चा वेग आणि ६४ बिटांची बस, म्हणजे सेकंदाला १४,४०० एमबी, अर्थात १४.४ जीबी. २०१७ साली आलेल्या जीटी १०३० मध्ये जीडीडीआर५ मेमरी, बस तीच ६४ बिटांची, तरी आकडा ४८ वर जातो. २०१४ च्या जीटीएक्स ७५० टीआयमध्ये १२८ बिटांची बस आहे, तिथे ८६.४. २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआयमध्ये ११२. आणि २०१९ च्या जीटीएक्स १६५० मध्ये १२८.

आता जीटी ७३० चं ४ जीबीचं कार्ड या रांगेत ठेवा. त्यात बहुधा डीडीआर३ मेमरी, त्यामुळे ६४ बिटांच्या मॉडेलला तेच १४.४. २ जीबीचं ७५० टीआय त्याच्या सहा पट माल देतं. ७३० ची चिप ४ जीबी भरायच्या किती तरी आधीच थकते, वरचे जीबी नुसते खोक्यावर छापायला कामी येतात.

शिवाय एकाच नावाखाली वेगळा माल विकला जातो. जीटी ७३० नावाची तीन वेगळी कार्डं आहेत: ९६ कोअरचं जुन्या फर्मी चिपचं, ३८४ कोअरचं केप्लर चिपचं डीडीआर३ वालं, आणि त्याच केप्लरचं जीडीडीआर५ वालं, ज्याची तोटी ४० जीबीची आहे. जीटी १०३० मध्येही तीच गत. २०१८ साली त्याचं डीडीआर४ मॉडेल आलं, नाव तेच, पण ४८ च्या जागी १६.८. म्हणजे जवळपास एक तृतीयांश. काउंटरवर "१०३० द्या" एवढंच म्हणालात तर यातलं कुठलं हातात पडेल ते दुकानातल्या शिलकीवर अवलंबून.

आणखी एक हिशेब मांडतो, कारण तो फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या आतल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते कॉम्प्युटरची रॅमच वापरतं. डीडीआर३ १६०० ची एकच स्टिक असेल तर त्याला १२.८ जीबीचा वेग मिळतो. तशीच दुसरी स्टिक योग्य खाचेत लावली की दुहेरी चॅनल चालू होतो आणि आकडा २५.६ होतो. हा वेग सीपीयूबरोबर वाटून घ्यावा लागतो, मान्य. तरीही जीटी ७१० च्या १४.४ पेक्षा तो बराच जास्त आहे. म्हणजे रॅमची एक स्टिक वाढवली तर ब्राउझरलाही फायदा आणि ग्राफिकलाही. असल्या मशीनमध्ये नवं ७१० टाकणं म्हणजे पुढे जायचं सोडून बाजूला सरकणं. ज्याच्या मदरबोर्डाचा डिस्प्लेचा पोर्टच जळालाय किंवा ज्याच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिकच नाही, त्यानं ७१० खुशाल घ्यावं.

दुकानात स्क्रीनवर "टोटल अव्हेलेबल ग्राफिक्स मेमरी" दाखवून सहा-सात जीबीचा आकडा सांगितला जातो, त्यानंही भुलू नका. त्यात तुमच्याच रॅमचा निम्मा वाटा मिसळलेला असतो. त्याच खिडकीत 'डेडिकेटेड' मेमरीची वेगळी ओळ असते, ती वाचा.

"स्लॉट सगळ्यांचा एकच असतो." आकार एकच असतो, एवढं खरं. पीसीआय एक्सप्रेस या स्लॉटचं नवं कार्ड त्याच्या जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसतं आणि बहुधा चालतंही. पण नवीन स्वस्त कार्डांमध्ये कंपन्यांनी लेन, म्हणजे माल ये-जा करायच्या वाटा, कापल्या आहेत. २०२२ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ६४०० लांबीनं छोटं, ५३ वॉटचं, वेगळी वायर न लागणारं, म्हणजे जुन्या मशीनसाठीच बनवल्यासारखं वाटतं. पण त्याच्या लेन फक्त चार. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर त्या चार लेन सेकंदाला जवळपास ८ जीबी नेतात. एच६१ किंवा एच८१ चिपसेटच्या जुन्या मदरबोर्डांवर, जिथे स्लॉट सहसा दुसऱ्या पिढीचा असतो, तिथे फक्त २ जीबी. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम रॅमकडे धावतो आणि त्या अरुंद वाटेत अडकतो. इंटेलच्या आर्क ए३८० चं दुखणं वेगळं. त्याला मदरबोर्डात रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, लागते. ती नसेल तर त्याचा वेग फार पडतो, आणि दहा-बारा वर्षं जुन्या बोर्डांमध्ये ती नसतेच. जुन्या बायॉसवर (मशीन चालू करणारा बोर्डातला प्रोग्राम) काही नवी कार्डं डिस्प्लेच देत नाहीत. बोर्डासाठी बायॉसचं अपडेट आलंय का ते आधी बघावं लागतं.

मॉनिटरही तपासा. अनेक घरांत अजून फक्त व्हीजीए पोर्टचा मॉनिटर आहे. जीटीएक्स १०५० टीआयच्या पिढीपासून एनव्हिडियाच्या कार्डांतून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे डीव्हीआयला लावायची ती छोटी स्वस्त टोपी चालत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो.

"एसएमपीएस ४५० वॉटचा असला की झालं." कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवरचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, मोठा आकडा विसरा आणि त्याच स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघांनाही यातच भागवायचं आहे. जुना आय५ प्रोसेसर ७७ ते ९५ वॉटचा. उरले शंभर. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, म्हणून वेगळी वायर न लागणारी कार्डं (७५० टीआय, १०५० टीआय आणि १६५० ची काही मॉडेलं) इथे बसू शकतात. १८५ वॉटचं आरएक्स ५८० बसत नाही, मग स्टिकरवर ४५० लिहिलेलं असो की ६००. ६ पिनची वायर नसेल तर साटाच्या वायरीवरून जोड करून देणारे भेटतात. ते करू नका! साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटांसाठी बनलेला आहे आणि ६ पिनमधून कार्ड ७५ मागू शकतं. प्लास्टिक वितळतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद खोलीतल्या धुळकट कॅबिनेटमध्ये त्याहून वाईट परिस्थिती असते.

ऑफिसांतून निघालेले छोट्या अंगाचे ब्रँडेड डेस्कटॉप हल्ली बरेच विकले जातात. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या छोट्या मॉडेलमध्ये २५५ वॉटचा एसएमपीएस असतो आणि त्याची मदरबोर्डची वायर कंपनीची स्वतःची, त्यामुळे बाजारातला दुसरा एसएमपीएस थेट लागत नाही. त्यात कार्डही अर्ध्या उंचीचंच जातं.

"मायनिंगचं मोठं कार्ड म्हणजे सोनं." इथेरियम या डिजिटल चलनानं १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगची, म्हणजे कार्डांकडून गणितं सोडवून नाणी मिळवायची, पद्धतच सोडली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. सगळी वाईट नव्हती. पण पंखे झिजलेले, उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड सुकलेले, कित्येकांचा बायॉस (कार्डाचा स्वतःचा) बदललेला. 'आरएक्स ५८०' म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा २०४८ कोअरचं असतं, मूळ ५८० मध्ये २३०४ आहेत. त्याहून वाईट म्हणजे जुन्या चिपवर खोटा बायॉस चढवून '१०५० टीआय' म्हणून विकलेली कार्डं. जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम दुकानातच चालवा, अशा बनावट कार्डाच्या नावाआधी तो सरळ 'फेक' असं लिहून देतो. सेकंडहँडला माझा विरोध नाही. नव्या जीटी ७३० पेक्षा समोर वीस-पंचवीस मिनिटं गेम चालवून दाखवलेलं जुनं १६५० मी कधीही पसंत करीन.

१०५० टीआय न म्हणता १६५० म्हणण्याचं कारण ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारा प्रोग्राम. केप्लर चिपच्या कार्डांचे, म्हणजे ७१० आणि बहुतेक ७३० चे, सुरक्षेचे अपडेटसुद्धा सप्टेंबर २०२४ ला थांबले. ७५० टीआय, १०३० आणि १०५० टीआय यांना ऑक्टोबर २०२५ नंतर गेमसाठीचे नवे ड्रायव्हर नाहीत, सुरक्षेचे तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. १६५० अजून चालू यादीत आहे. बजेट थोडं ताणता येत असेल तर २०२४ चं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे ७० वॉटचं कार्ड आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३ बरोबर ते घेऊ नका, प्रोसेसरच त्याला पुरा पडणार नाही.

"विंडोज ११ पण चालतं." नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट ही बोर्डातली सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ग्राफिक कार्ड यातलं काहीही आणून देत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे लोकांची घाई समजते, पण त्या घाईचं उत्तर या मेसेजमध्ये नाही.

कार्ड घ्यायला सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला जायच्या आधी कॅबिनेटचं झाकण उघडून फोनवर चार फोटो काढा: एसएमपीएसचं स्टिकर, मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल, स्लॉटच्या पुढची मोकळी जागा पट्टी धरून, आणि मॉनिटरच्या पाठीमागचे पोर्ट. प्रोसेसरचं नाव लिहून घ्या. दुकानदाराला फोटो दाखवा, आणि कार्ड ठरलं की बिलावर मॉडेलच्या पुढे मेमरीचा प्रकार आणि बसची रुंदी लिहून मागा. "जीटी १०३०, २ जीबी, जीडीडीआर५, ६४ बिट" असं पूर्ण. तसं लिहून द्यायला कुणी का-कू केली, तर ते कार्ड तिथेच ठेवून शेजारच्या दुकानात जा.